राज्यसभेच्या निवडणुकीचं गणित कागदावर कसं मांडायचं

राज्यसभेची निवडणूक लागली की आकडे फिरायला लागतात. अमक्याकडे इतके आमदार, तमक्याला चार मतं कमी. यातले बरेच आकडे पक्षांच्या संख्याबळावरच थांबतात, आणि म्हणून निकालाच्या रात्री चुकतात. ही निवडणूक ठरते कोट्यावर (म्हणजे निवडून यायला लागणाऱ्या किमान आकड्यावर), मतपत्रिकेच्या मूल्यावर आणि दुसऱ्या पसंतीवर. सगळं गणित एका कागदावर बसतं. त्यात गुणाकार-भागाकारापलीकडे काही लागत नाही. ते स्वतः मांडता आलं की आमदारांना हॉटेलात का नेऊन ठेवतात, एका बाद मतासाठी पक्ष रात्रभर निवडणूक आयोगाशी का भांडतात, हे आपोआप कळतं.

मुख्य उदाहरण म्हणून १० जून २०२२ ची महाराष्ट्रातली निवडणूक घेऊ. सहा जागा, सात उमेदवार. भाजपचे पीयूष गोयल, अनिल बोंडे आणि धनंजय महाडिक. शिवसेनेचे संजय राऊत आणि संजय पवार. राष्ट्रवादीचे प्रफुल्ल पटेल. काँग्रेसचे इम्रान प्रतापगढी. या निवडणुकीत नियमांची जवळजवळ प्रत्येक गाठ दिसते.

आधी बघा, मतदान होणार आहे का

महाराष्ट्राच्या वाट्याला राज्यसभेच्या १९ जागा आहेत, गोव्याच्या वाट्याला एक. सभागृह विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात आणि प्रत्येकाची मुदत सहा वर्षांची असते. म्हणून आपल्याकडे एका वेळी सहा किंवा सात जागांची निवडणूक येते.

अर्ज मागे घेण्याची मुदत दुपारी तीनला संपते. त्या क्षणी जितक्या जागा तितकेच उमेदवार उरले असतील तर सगळे बिनविरोध, पुढचं काही करायची गरज नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या सहाही जागा अशाच भरल्या. एक उमेदवार जरी जास्त राहिला, तरी कागद-पेन काढा.

मतदार किती, हे नीट मोजा

पहिली चूक इथेच होते. राज्यसभेला मत देतात ते विधानसभेचे निवडून आलेले सदस्य, फक्त तेच. विधान परिषदेच्या आमदारांना मत नसतं, मग ते मंत्री असोत की मुख्यमंत्री. २०२२ मध्ये उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होते, पण ते विधान परिषदेचे सदस्य असल्यामुळे त्यांना या निवडणुकीत मत नव्हतं. उलट विधानसभा अध्यक्ष निवडून आलेले आमदार असतात, त्यामुळे त्यांचं मत धरायचं. सभागृहात समसमान झाल्यावरच अध्यक्ष मत देतात, तो नियम इथे लागू नाही.

विधानसभेच्या एकूण संख्येतून काय वजा करायचं? रिकाम्या जागा, अपात्र ठरलेले सदस्य आणि तुरुंगात असलेले. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे कोठडीतल्या माणसाला मतदान करता येत नाही. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत असलेल्याला मात्र टपाली मत देता येतं. २०२२ चा हिशेब असा: २८८ पैकी एका आमदाराचं निधन झालेलं, राहिले २८७. दोन आमदार तुरुंगात आणि न्यायालयाने परवानगी नाकारलेली, राहिले २८५. त्या सगळ्यांनी मत दिलं. त्यातलं एक आयोगाच्या आदेशाने बाद झालं. वैध मतं २८४.

कागदाच्या डोक्यावर हा शेवटचा आकडा ठळक लिहा आणि त्याच्याखाली जागा मोकळी ठेवा, कारण तो मोजणी सुरू होईपर्यंत बदलू शकतो. तो बदलला की पुढचं सगळं बदलतं.

कोटा काढा

एकापेक्षा जास्त जागा असतील तर प्रत्येक वैध मतपत्रिकेचं मूल्य १०० धरतात. पुढे एकाच मतपत्रिकेचे भाग करावे लागतात, आणि अपूर्णांक टाळण्यासाठी ही सोय आहे. नियम असा: एकूण मूल्याला जागांच्या संख्येत एक मिळवून भागा, बाकी सोडून द्या आणि भागाकारात एक मिळवा.

२८४ मतपत्रिका म्हणजे २८४००. जागा सहा, म्हणून सातने भाग. भागाकार ४०५७, बाकी १. बाकी सोडली, एक मिळवला: कोटा ४०५८.

भागायचं सहाने का नाही? कोटा म्हणजे असा सर्वांत छोटा आकडा की जो सहा जणांनाच गाठता येईल, सातव्याला कधीच नाही. ताळा करून बघा: ७ गुणिले ४०५८ म्हणजे २८४०६. हातात आहेत २८४००. सात जण कोटा गाठूच शकत नाहीत. प्रत्येक वेळी कोटा काढल्यावर हा ताळा करा, भागाकारातली चूक लगेच सापडते.

४०५८ म्हणजे मतांच्या भाषेत ४१ मतं, कारण ४० मतांचे ४००० होतात. पण मतदानाआधी सगळीकडे ४२ हा आकडा छापून येत होता. तोही बरोबर होता. २८७ आमदार धरले तर २८७०० भागिले ७ म्हणजे नेमके ४१००, त्यात एक मिळवला की ४१०१. ४१ मतांचे होतात ४१००. एकने कमी! म्हणून ४२. दोन आमदार तुरुंगातून येऊ शकले नाहीत आणि गरज एका मताने खाली आली. संख्याबळावर अवलंबून राहायचं नाही ते याचसाठी.

पहिल्या पसंतीचे गठ्ठे लावा

आमदार मतपत्रिकेवर उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो. मोजणी करताना आधी १ कोणापुढे आहे त्याप्रमाणे गठ्ठे लावतात. २०२२ मध्ये ते असे लागले: गोयल ४८, बोंडे ४८, प्रतापगढी ४४, पटेल ४३, राऊत ४१, पवार ३३, महाडिक २७. बेरीज २८४, जुळली.

पहिले पाच जण कोट्याच्या वर, म्हणजे निवडून आले. सहावी जागा पवार आणि महाडिक यांच्यात. पवारांकडे सहा मतं जास्त आहेत, आणि इथेच थांबलात तर चुकाल. जिंकले महाडिक.

शिल्लक वाटा

कोट्याच्या वर उरलेलं मूल्य वाया जात नाही, ते पुढच्या पसंतीला जातं. ज्याची शिल्लक सर्वांत मोठी त्याची आधी वाटतात. गोयल यांचे ४८०० वजा ४०५८ म्हणजे ७४२. बोंडे यांचेही ७४२.

आता गोयल यांच्या गठ्ठ्यातल्या सगळ्या ४८ मतपत्रिका पुन्हा उघडायच्या आणि पुढची पसंती बघायची. बऱ्याच जणांना वाटतं की फक्त वरची सात मतं उचलून दुसऱ्याला देतात. तसं नाही. सगळ्याच्या सगळ्या ४८ मतपत्रिका पुढे सरकतात, फक्त कमी मूल्याने: ७४२ भागिले ४८, भागाकार १५, बाकी सोडायची. पहिल्या पसंतीला १०० ची असलेली मतपत्रिका आता १५ ची झाली. ४८ मतपत्रिकांवर पुढची पसंती महाडिक असेल तर त्यांना ४८ गुणिले १५ म्हणजे ७२० मिळतात. ७४२ पैकी २२ भागाकारात विरतात. बोंडे यांच्या गठ्ठ्यातूनही तसेच ७२०.

पुढची पसंती बघताना जो आधीच निवडून आला आहे किंवा बाद झाला आहे त्याला वगळायचं. गोयल यांच्या मतपत्रिकेवर २ बोंडे यांच्यापुढे आणि ३ महाडिक यांच्यापुढे असेल, तर ती बोंडे यांना ओलांडून थेट महाडिक यांच्याकडे जाते.

मांडून बघा. महाडिक: २७०० अधिक ७२० म्हणजे ३४२०, अधिक ७२० म्हणजे ४१४०. दोन्ही गठ्ठे पूर्ण त्यांच्याकडे वळले तर कोटा पार. पवार: ३३००. महाविकास आघाडीच्या तिघांची शिल्लक प्रतापगढी ३४२, पटेल २४२, राऊत ४२, एकूण ६२६. यातलं काहीही न विरता सगळं पवारांना मिळालं असं धरलं, तरी ३९२६. कोटा ४०५८. पोचत नाही.

क्रम महत्त्वाचा आहे: आधी शिलकीची वाटणी, नंतर कमी मतं असलेल्याला बाद करणं. हा क्रम उलटा असता तर २७ मतांचे महाडिक पहिल्याच फेरीत बाहेर गेले असते. शिल्लक संपूनही जागा उरली, तरच तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका ज्या मूल्याने त्याच्याकडे आल्या त्याच मूल्याने पुढे जातात. पहिल्या पसंतीच्या असतील तर पूर्ण १०० ने. शेवटी जितक्या जागा तितकेच उमेदवार उरले तर ते कोटा न गाठताही निवडून येतात.

झटपट ताळा: गटाची बेरीज

प्रत्येक वाटणी करत बसायला वेळ नसेल तर एक सोपी चाचणी आहे. एका बाजूची सगळी पहिल्या पसंतीची मतं एकत्र करा आणि कोट्याने भागा.

भाजपची बाजू: ४८, ४८, २७ म्हणजे १२३ मतं, मूल्य १२३००. तीन कोटे म्हणजे १२१७४. पुरतात. आघाडीची बाजू: ४४, ४३, ४१, ३३ म्हणजे १६१, मूल्य १६१००. चार कोटे म्हणजे १६२३२. कमी पडतात. दोन्हीकडची दुसरी पसंती आपापल्या गटातच राहिली तर निकाल इथेच दिसतो. भागाकारात थोडं मूल्य विरतं, म्हणून दहा-वीसच्या फरकावर विसंबू नका; इथे भाजपकडे १२६ ची मोकळीक होती.

मग बाद झालेल्या त्या एका मताने निकाल फिरला का? तेही मांडता येतं. ते वैध धरलं तर २८५०० भागिले ७, कोटा ४०७२. आघाडीचे १६२००, चार कोट्यांना लागतात १६२८८. तरी कमीच. भाजपचे १२३००, तीन कोट्यांना १२२१६, तरी पुरतात. त्या एका मताने फरक पडला नसता. तुरुंगातले दोघेही आले असते तर मात्र कोटा ४१०१, तीन कोटे १२३०३, आणि भाजपची बाजू बरोबर ३ ने कमी पडली असती. आघाडीच्या १६४ मतांचे १६४००, चार कोटे १६४०४. तीही ४ ने कमी. कोणाचाच हिशेब पुरा नाही, आणि सहावी जागा भागाकारात कोणाचे किती तुकडे विरतात यावर गेली असती.

१२३ मतं होती तर सरळ ४१-४१-४१ वाटली असती, ४८ कशाला? कारण ४१ मध्ये एका मताचीही मोकळीक नाही. एखादी मतपत्रिका बाद झाली, एखादा आमदार फुटला, की ठरलेला उमेदवार दुसऱ्यांच्या शिलकीवर येतो. ४८ दिली की पहिले दोघे सात मतांच्या अपघातापर्यंत निर्धास्त, आणि वरची मतं वाया न जाता तिसऱ्याकडे सरकतात. सगळी जोखीम तिसऱ्याच्या डोक्यावर, हे उघड आहे. पण अट एकच: प्रत्येक आमदाराने दुसरी पसंती लिहिलीच पाहिजे, आणि ठरल्याप्रमाणे. नुसता १ लिहून मतपत्रिका टाकली तर ते मत वैध असतं, पण शिल्लक वाटताना ती मतपत्रिका तिथेच संपते. म्हणून पक्ष मतदानाच्या आदल्या दिवशी आमदारांची तालीम घेतात. ती तालीम अगदी गरजेची आहे.

मत कुठे बाद होतं

पसंती आकड्यात लिहायची. आकडा देवनागरी चालतो, इंग्रजी चालतो, रोमनही चालतो, पण 'एक' असं अक्षरात लिहिलं तर चालत नाही. १ कुठेच नसेल, १ दोघांपुढे असेल किंवा एकाच उमेदवारापुढे १ आणि २ दोन्ही असतील, तर मत बाद. सही, नाव किंवा ओळख पटेल अशी खूण केली, तरी बाद. २ दोघांपुढे पडला तर मात्र सगळं मत बाद होत नाही; पहिली पसंती धरली जाते, पुढे ती मतपत्रिका चालत नाही.

पेन केंद्रावर दिलेलंच वापरायचं. हरियाणात २०१६ मध्ये वेगळ्या पेनमुळे काँग्रेसच्या आमदारांची मतं मोठ्या संख्येने बाद झाली आणि निकालच फिरला. त्यानंतर आयोगाने जांभळ्या शाईचं ठरावीक स्केच पेन द्यायला सुरुवात केली. खिशातलं पेन बाहेर काढायचंच नाही, असं आमदाराला बजावून ठेवतात.

सर्वांत जास्त भांडणं होतात ती मत दाखवण्यावरून. २००३ च्या दुरुस्तीने राज्यसभेचं मतदान गुप्त राहिलं नाही. पक्षाच्या आमदाराने मतपत्रिका पेटीत टाकण्याआधी स्वतःच्या पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवायची. दाखवायला नकार दिला तर मत धरत नाहीत. दुसऱ्या पक्षाच्या प्रतिनिधीला किंवा आणखी कोणाला दाखवली, तरी बाद. अपक्षाने कोणालाच दाखवायची नाही. थोडक्यात, आघाडीतल्या मित्रपक्षाच्या प्रतिनिधीलाही मतपत्रिका दिसता कामा नये, मग तो शेजारच्याच खुर्चीवर का बसलेला असेना. २०२२ मध्ये मुंबईत याच मुद्द्यावर दोन्हीकडून तक्रारी गेल्या, मोजणी मध्यरात्र उलटून गेल्यावर सुरू झाली आणि शिवसेनेच्या एका आमदाराचं मत बाद ठरलं.

असं बाद मत कधीकधी उलट्या बाजूने मदत करतं. गुजरात, ८ ऑगस्ट २०१७. तीन जागा, १७६ मतं. १७६०० भागिले ४ म्हणजे ४४००, अधिक १, कोटा ४४०१. काँग्रेसचे अहमद पटेल यांच्याकडे ४४ मतं, म्हणजे ४४००. एकने कमी. पण दोन आमदारांनी मतपत्रिका दुसऱ्या पक्षाच्या माणसांना दाखवली म्हणून आयोगाने रात्री त्यांची मतं बाद केली. राहिली १७४. १७४०० भागिले ४ म्हणजे ४३५०, कोटा ४३५१. तीच ४४ मतं आता पुरेशी ठरली. पटेलांच्या गठ्ठ्यात एकही मत वाढलं नव्हतं.

व्हिप (पक्षादेश) चालतो का

पक्षांतरबंदी कायद्याखाली या मतदानासाठी आमदाराची आमदारकी जात नाही. हे सभागृहातलं मतदान नाही, निवडणूक आहे. पक्ष त्याला निलंबित करू शकतो, काढून टाकू शकतो, पण विरुद्ध दिलेलं मत मोजलं जातंच. हिमाचल प्रदेशात २०२४ मध्ये काँग्रेसच्या सहा आमदारांनी दुसऱ्याला मत दिलं. पुढे ते अपात्र ठरले ते अर्थसंकल्पावेळी व्हिप मोडल्याबद्दल, राज्यसभेच्या मतासाठी नव्हे. पैसे घेऊन मत दिलं तर मात्र विशेषाधिकाराचं कवच मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी मार्च २०२४ मध्ये सांगितलं. तो खटलाच झारखंडमधल्या राज्यसभेच्या मतावरून उभा राहिला होता. आणि 'नोटा', म्हणजे वरीलपैकी कोणीही नको, हा पर्याय इथे नाही. न्यायालयाने तो २०१८ मध्ये काढून टाकला.

एकच जागा असेल तेव्हा

इथे मतपत्रिकेचं मूल्य १०० नव्हे, १ धरायचं. एकूण मतांना दोनने भागा, बाकी सोडा, एक मिळवा. गोव्यात चाळीसही आमदारांनी वैध मत दिलं तर कोटा २१. हिमाचलात फेब्रुवारी २०२४ मध्ये ६८ मतं, कोटा ३५. दोन्ही उमेदवारांना ३४-३४. मग चिठ्ठी. ही चिठ्ठी जिंकणारा निवडत नाही, कोणाला वगळायचं ते ठरवते. अभिषेक मनु सिंघवी यांचं नाव निघालं, म्हणून ते हरले आणि हर्ष महाजन निवडून आले.

पोटनिवडणुकीत हे एकजागी गणित मोठ्या पक्षाच्या पथ्यावर पडतं. मुदतीआधी दोन जागा रिकाम्या झाल्या तर आयोग प्रत्येकीची स्वतंत्र निवडणूक घेतो, एकाच दिवशी असली तरी. दोन जागा एकत्र असत्या तर कोटा एक तृतीयांशाच्या जरा वर. वेगळ्या केल्या की प्रत्येक वेळी निम्म्याच्या वर. गुजरातमध्ये २०१९ साली काँग्रेसकडे एक तृतीयांशाहून जास्त आमदार होते, तरी दोन्ही जागा भाजपला गेल्या. त्यामुळे अधिसूचना हातात आली की आधी बघायचं ते जागा किती यापेक्षा अधिसूचना किती. महाराष्ट्रात २०२४ मध्ये दोन जागा अशा भरल्या, दोन्ही बिनविरोध. पूर्ण विधानसभेने मत दिलं असतं तर प्रत्येकीला २८८ पैकी १४५ मतं लागली असती. अशा जागेवर आलेल्याला सहा वर्षं मिळत नाहीत, आधीच्याची उरलेली मुदतच मिळते: गोयल यांनी लोकसभेवर गेल्यावर सोडलेली जागा जुलै २०२८ पर्यंतच आहे.